सुभेदारसाहेबांनी सरळ केलेल्या वायरी

गुरुग्राममधल्या एका काचेच्या इमारतीत आमच्या कंपनीने अख्खा मजला भाड्याने घेतला आणि तिथल्या नेटवर्कचं काम माझ्याकडे आलं. आलं म्हणजे काय, मीटिंगमध्ये विषय निघाला तेव्हा बाकीचे सगळे आपापल्या फोनमध्ये बघायला लागले आणि मी नेमकी वर बघत होते. आमचा साहेब मुंबईत बसतो. तो म्हणाला, "तू तिथेच आहेस ना, मग बघून घे." मी तिथे नव्हते. मी फरीदाबादला राहते, नवऱ्याचा कारखाना तिकडे आहे म्हणून. फरीदाबादहून गुरुग्रामला डोंगर ओलांडून जायचं, टोलनाक्यावर ताटकळायचं आणि उतरल्यावर पुन्हा रांगेत उभं राहायचं. पण मुंबईच्या माणसाला दिल्लीच्या आसपासचं सगळं एकच वाटतं. त्याच्या लेखी मी रोज चालत ऑफिसला जात असणार.

पहिली लढाई आर्किटेक्टशी झाली. त्याला वायरी आवडत नसत. त्याच्या पहिल्या नकाशात रॅकसाठी, म्हणजे नेटवर्कची यंत्रं ठेवायच्या लोखंडी मांडणीसाठी, बरी खोली होती. दुसऱ्या नकाशात तिचा अर्धा भाग कापून तिथे लोकांनी डोळे मिटून शांत बसायची खोली केली होती. तिसऱ्या नकाशात माझी खोली पॅन्ट्रीच्या मागे गेली होती आणि तिचं कपाट झालं होतं.

"यात रॅक मावेल," मी माझ्या हिंदीत म्हटलं, "पण माणूस कुठे उभा राहणार?"

"मॅम, वहाँ रोज़-रोज़ जाता कौन है?" तो म्हणाला.

मी जाते, असं मी सांगितलं. त्याने मान डोलावली आणि नकाशा गुंडाळला. शेवटी खूप भांडून मी रॅकच्या मागे जेमतेम एक माणूस आडवा शिरेल एवढी जागा मिळवली. पलीकडे भिंतीला लागून कॉफीचं मशीन. आत उभं राहिलं की दर थोड्या वेळाने दूध फेसाळल्याचा आवाज यायचा.

मागची जागा का हवी, हे त्याला कळावं म्हणून मी त्याला पॅच पॅनल समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. त्या वर्षात हे मी इतक्या लोकांना सांगितलं की आता झोपेतसुद्धा सांगेन. ऑफिसात प्रत्येक टेबलाखाली एक सॉकेट असतं. त्यातून निघालेली केबल छतावरून फिरत फिरत रॅकच्या खोलीत येते. तिथे एक आडवी लोखंडी पट्टी असते, तिच्या पाठीमागे ती केबल एका हत्याराने ठोकून कायमची बसवतात. ही पट्टी म्हणजे पॅच पॅनल. पट्टीच्या पुढच्या बाजूला ओळीने भोकं असतात, त्यांना आम्ही पोर्ट म्हणतो. पोर्टमधून हातभर लांबीची एक वायर, पॅच कॉर्ड, खालच्या स्विच नावाच्या यंत्रात जाते. मागचं काम एकदाच करायचं असतं. पुढची हातभर वायर मात्र सगळं ठरवते. ती स्विचच्या कुठल्या भोकात खोचली आहे, त्यावर त्या टेबलाला साधं नेटवर्क मिळणार, की फोन, की हिशेब विभागाचं वेगळं राखलेलं नेटवर्क, की छतावरच्या कॅमेऱ्याला लागणारी वीज, हे ठरतं. एवढंच आहे. आर्किटेक्टने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅम, ये पट्टी ब्लैक में आती है?"

दुसरी लढाई ठेकेदाराशी. केबल टाकायचं काम त्याचं. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या तोंडात दोनच वाक्यं. एक, "हो जाएगा मैडम." दुसरं, "कल पक्का." त्याच्या माणसांच्या दोन टोळ्या होत्या. एक टेबलांकडचं टोक बसवायची, दुसरी पॅनलकडचं. केबलच्या आत आठ रंगीत तारा असतात आणि त्या ठरलेल्या क्रमाने बसवायच्या असतात. दोन क्रम चालतात, कुठलाही घ्या, पण दोन्ही टोकांना एकच हवा. टेबलवाल्या टोळीने एक क्रम घेतला, पॅनलवाल्या टोळीने दुसरा. टेस्टर लावला की दिवे उलटसुलट पेटायचे.

"मैडम, चल तो रहा है!" ठेकेदार म्हणाला. त्याने खरंच लॅपटॉप लावून दाखवला. चालत होतं.

"चालतंय" हा शब्द मला तेव्हापासून नकोसा झाला आहे. मी त्याला पॅनलच्या मागचं सगळं काम उकलून पुन्हा करायला लावलं. तो तोंड फुगवून करत होता. ते होत आलं, तोवर आर्किटेक्टने खिडकीकडची टेबलांची एक रांग खांबामुळे इकडची तिकडे सरकवली. मग केबली पुन्हा फिरल्या. शेवटी कुठली केबल कुठल्या टेबलाची, हे ठेकेदाराच्या माणसांनी पांढऱ्या पट्ट्यांवर मार्करने लिहून पॅनलवर चिकटवलं. अक्षर असं की कोंबडीने पाय पुसले आहेत. पण बरोबर होतं, मी एकेक तपासून घेतलं होतं. केबलींचा नवा नकाशा ठेकेदाराने द्यायचा होता तो मात्र "कल पक्का" मध्ये राहिला.

पॅच कॉर्ड मी स्वतः लावल्या. मिळाल्या तशा, वेगवेगळ्या लांबीच्या, निळ्या, करड्या, दोन-चार पिवळ्या. दिसायला ते देखणं नव्हतं, मी मान्य करते. पण ऑफिस चालू झालं, फोन वाजले, कॅमेरे लागले, दाराला बोट लावलं की दार उघडलं. मला वाटलं, सुटले.

आणि मग सुभेदारसाहेब.

आमच्या ऑफिसची सगळी व्यवस्था बघणारे हे गृहस्थ सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, रेवाडीकडच्या एका गावचे. सगळे त्यांना सूबेदार साहब म्हणत. शर्टाची घडी अशी की बोट कापेल. संध्याकाळी लोक गेले की ते खुर्च्या टेबलांत ढकलत जायचे आणि प्रत्येक रांगेच्या टोकाला उभं राहून एक डोळा मिटून रांग बघायचे. मीटिंग रूममधल्या पाण्याच्या बाटल्यांची नावं एकाच दिशेला. मला त्यांचा हा स्वभाव आवडायचा, जोवर तो माझ्या खोलीत शिरला नाही तोवर.

एकदा ते पॅन्ट्रीत जात होते आणि रॅकच्या खोलीचं दार उघडं होतं. ते दारात उभे राहून रॅककडे बघत राहिले.

"मैडम, ये तो जलेबी है," ते म्हणाले.

"असू दे जलेबी," मी हिंदीत म्हटलं, "पण हिला कुणी हात लावायचा नाही."

"जी मैडम."

हे "जी मैडम" ऐकून मी निर्धास्त झाले. सैन्यातला माणूस, एकदा सांगितलं की झालं.

पुढे बातमी आली की कंपनीचे सर्वांत मोठे साहेब सोमवारी नवा मजला बघायला येणार. त्या आठवड्यात कुंड्या आल्या, काचा पुसल्या गेल्या, भिंतीवर कंपनीचं घोषवाक्य चढलं. शुक्रवारी मी सगळं एकदा तपासलं आणि घरी आले. शनिवारी दुपारी मी कपाट आवरत होते, तेव्हा माझी मुलगी आतून ओरडली, "आई, तुझा फोन कधीपासून बजतोय!"

"वाजतोय," मी म्हटलं.

"तेच ना यार. घे ना."

मुंबईहून फोन होता. गुरुग्रामचा मजला निम्मा बंद दिसतोय, कॅमेरे गेले, छतावरचे वायफायचे डबे गेले, बोर्डरूम गेली. पाठोपाठ साहेबाचा फोन. "अगं, सोमवारी ते येतायत आणि हे काय?" मला काय माहीत काय. मी पर्स उचलली आणि निघाले. नवरा म्हणाला, "परत शनिवारी?" मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने पुढचं वाक्य गिळलं.

मजल्यावर पोचले तर काचेचं दार सताड उघडं. बोट लावायचं यंत्र बंद पडलं होतं, म्हणून दाराला खुर्ची अडकवून एक गार्ड बसवला होता. त्याने मला सलाम केला. आतून सुभेदारसाहेब आले. चेहऱ्यावर असा आनंद की घरात लग्न निघालंय.

"अच्छा हुआ मैडम, आप आ गईं. मैं सोच ही रहा था आपको फोटो भेजूँ. आइए."

त्यांनी माझ्या पुढे जाऊन खोलीचं दार उघडलं. दिवा लावला. आणि बाजूला झाले.

रॅकमध्ये सगळ्या कॉर्ड नारिंगी. आमच्या कंपनीचा रंग नारिंगी. सगळ्या नव्या, सगळ्या सारख्याच लांबीच्या, वितीएवढ्या. पॅनलच्या पहिल्या भोकातून स्विचच्या पहिल्या भोकात, दुसऱ्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यातून तिसऱ्यात, अशा थेट शेवटपर्यंत. परेडला उभे केल्यासारख्या. पॅनल लखलखत होतं. त्यावर छापील आकडे, एक, दोन, तीन, चार.

"पूरा सीधा कर दिया," ते म्हणाले. "एक भी टेढ़ी नहीं. सुबह से इलेक्ट्रीशियन को लेकर लगा हूँ."

मला बसावंसं वाटलं, पण त्या खोलीत बसायला जागा नव्हती. आर्किटेक्टने ठेवली नव्हती.

"सुभेदारसाहेब," मी विचारलं, "पॅनलवर पांढऱ्या पट्ट्या होत्या, त्या कुठे आहेत?"

"वो? वो तो गंदे थे मैडम, हाथ के लिखे हुए. थिनर से साफ़ करवाए. देखिए, नए छपवाए हैं."

"मी म्हटलं होतं ना, हात लावायचा नाही?"

"हाथ तो इलेक्ट्रीशियन ने लगाया," ते म्हणाले. यात त्यांना काही विनोद करायचा नव्हता.

मग मी बोलले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. घरी मी मराठी बोलते, बाहेर हिंदी, आणि फार संतापले की दोन्हीची मिसळ होते. मी म्हटलं असावं की ही वायर म्हणजे पडद्याची झालर नाही. कुठली कुठे जाते याला अर्थ होता, तो तुम्ही थिनरने पुसून टाकला. ते ऐकत होते. मध्येच स्विचकडे बोट दाखवून म्हणाले, "पर मैडम, बत्ती तो सब में जल रही है."

बत्ती जळत होती. प्रत्येक भोकावर हिरवा दिवा लुकलुकत होता. कॅमेऱ्याची वायर साध्या भोकात, हिशेबवाल्यांची पाहुण्यांच्या नेटवर्कमध्ये, बोर्डरूमचा फोन कुठल्या तरी प्रिंटरच्या जागी, पण बत्ती जळत होती.

मी ठेकेदाराला फोन लावला. मागे बँड वाजत होता. तो मेरठला एका लग्नात होता. "मैडम, नक्शा अभी भेजता हूँ, मोबाइल में ही है." आणि खरंच लगेच नकाशा आला. मी तो मोठा करून बघितला. त्यात एक स्वागतकक्ष होता, एक जिना होता. आमच्या मजल्यावर जिना नाही. तो दुसऱ्याच कुठल्या तरी ऑफिसचा नकाशा होता. पुन्हा फोन केला तर तो उचलेना, बहुतेक वरातीत नाचत असावा.

मग मुंबईच्या साहेबाचा फोन. त्याला सगळं सांगितलं.

"बरं, मग रिव्हर्ट कर ना," तो म्हणाला.

"काय रिव्हर्ट करू? या वायरी आहेत. हाताने काढल्यात, हाताने खोचल्यात."

"नाही, म्हणजे, आधीचं काहीतरी सेव्ह असेल ना?"

मी म्हटलं, "हो, थिनरच्या फडक्यावर आहे," आणि फोन ठेवला. माझ्याकडे आधीचा फोटो होता, नव्हता असं नाही. पण तो त्या जलेबीचाच. कॉर्डच्या पसाऱ्यात पट्ट्या निम्म्या झाकल्या गेल्या होत्या आणि ज्या दिसत होत्या त्यांच्यावर कोंबडीचे पाय.

आता एकच उपाय होता. प्रत्येक टेबलाखाली जायचं, सॉकेटला एक लहानसं यंत्र लावायचं, ते केबलमधून सूर सोडतं. मग रॅकच्या खोलीत पेनासारखी एक सळई घेऊन एकेक पोर्ट ऐकत जायचं. जिथे ती किणकिणली, ते त्या टेबलाचं पोर्ट. दोन माणसं लागतात. माझा एकमेव सहकारी सुट्टीवर आपल्या गावी गेला होता. इलेक्ट्रिशियनला आता मी त्या खोलीच्या जवळपाससुद्धा येऊ देणार नव्हते.

"मैं आ जाऊँगा," सुभेदारसाहेब म्हणाले. "कल इतवार है. आप बताइए, कब?"

दुसरं कोणी नव्हतं.

रविवारी सकाळी मी पोचले तेव्हा ते आधीच आलेले होते, जुना ट्रॅकसूट घालून. त्यांना यंत्र कसं लावायचं ते दाखवलं. एकदा दाखवलं, नीट शिकले. ते टेबलाखाली शिरायचे आणि फोनवर मोठ्याने सांगायचे, "खिड़की वाली लाइन, टेबल पहला, लग गया." मी रॅकशी सळई फिरवायची, किणकिण ऐकायची, नवी पट्टी लिहायची आणि म्हणायची, "पुढे." पलीकडे कॉफीचं मशीन बंद होतं, एवढंच त्या दिवसाचं सुख.

पहिली रांग ठीक गेली. दुसऱ्या रांगेत ते फारच वेळ लावायला लागले. मी "लागलं का, लागलं का" विचारतेय आणि पलीकडून खुर्च्या सरकल्याचे आवाज. बाहेर येऊन बघते तर हे टेबलाखालून निघाले की प्रत्येक खुर्ची रांगेत लावतायत आणि एक डोळा मिटून बघतायत.

"सूबेदार साहब!" मी ओरडले. "खुर्च्या राहू द्या! आज तरी काहीही सरळ करू नका!"

ते ताठ उभे राहिले. मग पुढच्या टेबलाखाली गेले. त्यानंतर फोनवर फक्त "लग गया" यायचं, त्याच्या आगेमागे काही नाही. मला अपराधी वाटलं असं म्हणणार नाही. माझा रविवार गेला होता आणि पाठ भरून आली होती. पण ते मुकाट्याचं "लग गया" ऐकणंही जड जात होतं.

जेवायच्या वेळी मी डबा उघडला. त्यांनीही त्यांचा उघडला, बाजरीची भाकरी, त्यावर लोण्याचा गोळा, बाजूला चटणी. अर्धी भाकरी मोडून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. मी माझी भेंडीची भाजी सरकवली. जेवता जेवता त्यांनीच जुना विषय काढला.

सैन्यातून आल्यावर ते मानेसरला एका कंपनीत लागले होते, हेच व्यवस्थेचं काम. एकदा बाहेरून कोणी मोठे पाहुणे आले. स्वागतकक्षात भिंतीवरून एक वायर लोंबत होती, टीव्हीची. पाहुणे काही बोलले नाहीत, पण त्यांच्या साहेबाने ती बघितली. संध्याकाळी बोलावून विचारलं, "ये किसका काम है?" यांनी सांगितलं, माझं. पुढच्या महिन्यात त्यांच्या जागी दुसरा माणूस आला.

"एक तार थी मैडम," ते म्हणाले. "बस एक."

मी त्यांना भाजी आणखी वाढली. मला राग आला होता तो होताच, फक्त आता तो कोणावर काढायचा ते कळेना. त्या मानेसरच्या साहेबावर काढला असता, पण तो तिथे नव्हता.

जेवणानंतर काम भराभर झालं. ऊन कलायला लागलं तेव्हा शेवटचं टेबल सापडलं आणि सगळी पोर्ट नावानिशी लागली. आता कॉर्ड जागच्या जागी खोचायच्या. तेव्हा नवीच अडचण. त्या देखण्या नारिंगी कॉर्ड वितीएवढ्या होत्या. समोरासमोरच्या भोकात बरोबर पोचायच्या, पण पहिल्या पोर्टची वायर खालच्या स्विचच्या दुसऱ्या टोकाला न्यायची तर पोचेनात.

"जुन्या कुठे आहेत?"

"बेसमेंट में. कबाड़ी कल आएगा."

"मग आणा!"

ते गेले आणि एक पोतं खांद्यावर टाकून आले. मी हात पुढे केला. त्यांनी पोतं दिलं नाही. दाराबाहेर खाली बसले, खिशातून फडकं काढलं, ते ओलं केलं आणि पहिली कॉर्ड पुसायला घेतली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग दुसरी.

"सूबेदार साहब, त्या रॅकमध्ये जाणार आहेत. त्यांच्यात कोणी जेवणार नाहीये."

"दो मिनट मैडम."

दोन मिनिटं कसली. मी रॅकला टेकून उभी होते आणि ते वायर पुसत होते. ओरडायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. मग मीही बाहेर जाऊन खाली बसले आणि पुसलेल्या कॉर्ड लांबीप्रमाणे वेगळ्या करायला लागले, कारण रिकामं बसून काय करणार. आणि लांबीप्रमाणे लावल्याच आहेत, तर मग मी त्या बाजूच्या खाचांतून नेल्या. डावीकडच्या डावीकडून, उजवीकडच्या उजवीकडून. कॅमेऱ्यांच्या आणि वायफायच्या डब्यांच्या सगळ्या करड्या, हिशेबाच्या पिवळ्या, बाकी निळ्या. जिथे समोरासमोर जमत होतं तिथे त्यांच्या काही नारिंगीसुद्धा लावल्या. ते चिकटपट्ट्यांनी जुडगे बांधत होते, प्रत्येक गाठ सारख्या अंतरावर. एकेक करून कॅमेरे उठले, छतावरचे डबे उठले, बोर्डरूमचा फोन वाजला. दाराचं यंत्र "पीक" असं बोललं आणि गार्डने खुर्ची काढली.

सुभेदारसाहेब दोन पावलं मागे सरले, त्या खोलीत जेवढी सरता येतात तेवढी, आणि एक डोळा मिटला.

"पहले ही बता देतीं मैडम, कि ऐसे भी हो सकता है," ते म्हणाले.

मी मनात दिलेलं उत्तर छापण्यासारखं नाही.

सोमवारी मोठे साहेब आले. सोबत आमचा मुंबईचा साहेबही, नव्या बुटांत. सुभेदारसाहेब कोट घालून आले होते. त्यांनी रॅकच्या खोलीचं दार उघडून ठेवलं, आतला दिवा लावला आणि दाराशी उभे राहिले. पाहुणे आले, घोषवाक्यासमोर फोटो काढला, बोर्डरूममध्ये बसले, मग पॅन्ट्रीत गेले. कॉफी पातळ आहे म्हणाले. रॅकच्या खोलीपाशी पॅन्ट्रीचं दार आहे, त्यामुळे ते सुभेदारसाहेबांच्या पुढून दोनदा गेले, येताना आणि जाताना. दोन्ही वेळा फोनवर बोलत. आत कोणी बघितलं नाही. तो घोळका लिफ्टकडे निघाला.

मी सुभेदारसाहेबांकडे बघितलं. ते तसेच उभे होते, नजर समोर. माझं डोकं फिरलं. या माणसाने माझ्या दोन दिवसांची वाट लावली होती, आणि तरी.

"सर," मी मोठ्याने म्हटलं. "एक मिनिट. तुम्ही नेटवर्कची खोली बघितली नाहीत."

आमच्या साहेबाने माझ्याकडे डोळे वटारून बघितलं. मोठे साहेब मात्र वळले. आले, दारातून वाकून आत बघितलं. बरंच नीट बघितलं.

"छान आहे," ते म्हणाले. "पण आपल्याकडे वायफाय आहे ना? मग एवढ्या वायरी कशाला?"

आमचा साहेब हसला. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. इतकी वर्षं हेच काम करतेय आणि हाच प्रश्न.

"सर," सुभेदारसाहेब पुढे होऊन म्हणाले. मराठी त्यांना येत नव्हती, पण 'वायफाय' आणि 'वायरी' त्यांना कळलं होतं. "वाई-फाई भी इसी तार से आता है. हवा में तो बस आख़िरी का थोड़ा-सा है. ये देखिए, ये जो ग्रे वाली है, ये बोर्डरूम की छत पर जाती है. आप अभी वहीं बैठे थे. ये निकल जाए, तो वहाँ वाई-फाई ख़त्म." त्यांनी त्या कॉर्डवर दोन बोटं ठेवली. "निकाल के दिखाऊँ?"

"नको!" मी आणि आमचा साहेब एकदम ओरडलो.

मोठे साहेब हसले, सुभेदारसाहेबांशी हात मिळवला आणि लिफ्टने खाली गेले. त्या सबंध भेटीत त्यांनी हात मिळवला तो एवढाच. माझ्याशी मिळवला नाही, पण ते असो.

घरी येताना टोलनाक्यावर नेहमीसारखी कोंडी. नवऱ्याचा फोन आला, काय झालं म्हणून. मी म्हटलं, झालं सगळं. तो म्हणाला, म्हणजे बरं झालं ना? मी म्हटलं, चालतंय.

सुभेदारसाहेब अजून तिथेच आहेत, मीही. त्यांनी रॅकच्या खोलीला कुलूप लावून घेतलं आणि एक किल्ली मला दिली. तेव्हापासून ते कशालाही हात लावण्याआधी मला फोन करतात. रॅकला तर लावत नाहीतच. पण प्रिंटर हलवायचा असेल, कुंडी सरकवायची असेल, झुंबर पुसायचं असेल, तरी फोन. सुट्टीच्या दिवशी, सकाळी, मी पोहे परतत असताना.

"मैडम, डिस्टर्ब तो नहीं किया? वो पैंट्री में माइक्रोवेव का प्लग है. पोंछा लगवाना है. निकालूँ?"

मी गॅस बारीक करते आणि सांगते, "निकालिए, सूबेदार साहब. निकालिए."